मासेमारीचा ऑनलाइन रॉड: जपानी किती, कार्बन किती आणि थापा किती?

भाट्येकर (धागाकर्ता)

मंडळी, नारळी पौर्णिमा तोंडावर आली. पाऊस जरा उघडला की आमच्याकडे रत्नागिरीत जो तो गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, बाहेर पडतो. मला ९ फुटी स्पिनिंग रॉड घ्यायचा आहे. वापर भाट्ये पुलाखाली, मांडवीच्या जेटीवर आणि समुद्र शांत असेल तेव्हा मिऱ्याच्या खडकांवर. ल्यूर (खोटं आमिष) ३० ग्रॅमपर्यंत, कधी कोळंबी लावून तळाला. बजेट अडीच-तीन हजार.

ऑनलाइन एक सापडलाय, १,८९९ ला. वर्णन जसंच्या तसं उतरवतो: ‘जपान टेक्नॉलॉजी. टोरे टी-७०० ४० टन कार्बन. ९९ टक्के कार्बन. फुजी टाइप एसआयसी गाइड. क्षमता १५ किलो. समुद्र, नदी, तलाव, सर्वत्र उपयुक्त.’ शेजारी ६,९९९ वर काट मारलेली. आणि खाली ‘मूळ देश’ या रकान्यात चक्क ‘भारत’.

म्हणजे वर जपान, खाली भारत, आणि माझा अंदाज तिसरीकडचाच. हाताळून घ्या म्हणाल तर इथे जवळपास जे मिळतं ते टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारे) रॉड-रील सेट. मोठं दुकान गाठायचं तर मुंबई किंवा पुणे. एका रॉडसाठी कोकणकन्येने जाऊन येणं काही जमत नाही. फोटो आणि वर्णन यावरून माल कुठला आणि कसा हे कितपत ओळखता येतं?

---

जयगड_लाइट

लक्ष ठेवून आहे. हाच रॉड मलाही दिसतोय. एकदा उघडून बघितला, तेव्हापासून पाठ सोडत नाही.

---

सरळ_कांडी

रॉड कुठला या प्रश्नाचे तीन वेगळे प्रश्न करा, गोंधळ कमी होईल. नाव कोणाचं? कांडी, म्हणजे रॉडचा नुसता दांडा, कुठे बनली? आणि तिच्यावरचे गाइड (दोरी जाते ती कडी) आणि रील सीट (रील बसते ती जागा) कोणाचे?

नाव जपानी असलं तरी कांडी जपानात बनलेली असतेच असं नाही. शिमानो ही ओसाकाजवळच्या साकाईची कंपनी, १९२१ पासूनची. तिचा कारखाना इंडोनेशियात बाताम बेटावर आहे. डायवा या दुसऱ्या जपानी कंपनीचे रॉड व्हिएतनाममध्येही बनतात. आणि दोघांचा काही माल चीनमधूनही येतो. शांतुंग प्रांतातलं वेहाई हे शहर तर मासेमारीच्या साहित्यासाठीच प्रसिद्ध आहे. आपण ज्यांची नावं कौतुकाने घेतो अशा युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी ब्रँडचे रॉड तिथूनच भरून जातात.

तेव्हा चीनमध्ये बनला हा दोष नाही. चीनमध्ये बनला आणि ‘जपान’ लिहिलं, हा दोष. जो देशाबद्दल खोटं लिहितो तो कार्बनबद्दल खरं कशाला लिहील?

‘जपान टेक्नॉलॉजी’, ‘जपान क्वालिटी’, ‘जपानमध्ये डिझाइन’ या शब्दांत कुठेही ‘जपानमध्ये बनवलेला’ असं म्हटलेलं नाही. शब्द तोलून लिहिलेले असतात. खरोखर जपानात बनलेल्या रॉडवर ते स्पष्ट लिहिलेलं असतं आणि तो १,८९९ ला मिळत नाही.

---

कडवा_राजापूरकर

चायना माल आहे, विषय संपला. पैसे खाडीत टाका, निदान मासे तरी चाखून बघतील.

---

सरळ_कांडी

@कडवा_राजापूरकर, हे तुम्ही ज्या फोनवरून टंकलंत तो कुठला?

---

कडवा_राजापूरकर

फोनला पाच किलोचा तांबोसा लावून खेचत नाही मी.

---

हर्णै_पॅकिंग

मी पॅकिंग आणि लेबलच्या कामात असते, त्यामुळे तेवढ्याच भागावर बोलते.

मूळ देश ही दुकानदाराने हौसेने द्यायची माहिती नाही. वैधमापन शास्त्राच्या आवेष्टित वस्तू नियम, २०११ प्रमाणे परदेशातून आलेल्या बंद पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळं हवं. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीच्या पानावरही महिना-वर्ष सोडून बाकीची माहिती दाखवायची आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांतही मूळ देशाचा उल्लेख आहे.

आता ‘भारत’ का येतं? बऱ्याचदा विक्रेता माल चढवताना तो रकाना नीट बघतच नाही. कधी इथल्या व्यापाऱ्याने बाहेरून रॉड आणून स्वतःच्या नावाची पिशवी चढवलेली असते. ब्रँड भारतीय असणं वेगळं आणि रॉड भारतात बनणं वेगळं. कधी सरळ लपवाछपवी असते. तिन्हींचा उलगडा एकाच गोष्टीने होतो. विक्रेत्याला सांगा, ‘पाकिटावरच्या छापील स्टिकरचा फोटो पाठवा.’ त्यावर ‘आयातदार’ म्हणून कोणाचं नाव असेल तर माल बाहेरचा. स्टिकरच नसेल तर पुढे काही बिनसलं की दाद कोणाकडे मागणार?

पानावर एक देश आणि पाकिटावर दुसरा असं निघालं तर दोन्हींचे फोटो ठेवा, परत पाठवताना उपयोगी पडतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोन लागतो, मराठीतून बोलता येतं.

---

जयगड_लाइट

ताई, बारकोडवरून देश कळतो ना? ४९ ने सुरू झाला तर जपान, ६९० पासून चीन, असा मेसेज फिरत असतो.

---

हर्णै_पॅकिंग

नाही. ४५ आणि ४९ जपानचे, ६९० ते ६९९ चीनचे, ८९० भारताचा, एवढं बरोबर. पण तो आकडा सांगतो तो कंपनीने बारकोड कुठल्या देशातल्या संस्थेकडून घेतला ते. वस्तू कुठे बनली ते नाही. जपानी कंपनीने व्हिएतनाममध्ये बनवलेल्या रॉडवर ४५ किंवा ४९ च असणार. चीनहून आणलेल्या रॉडवर इथल्या व्यापाऱ्याने आपला बारकोड चिकटवला तर ८९०. तो मेसेज पुढे ढकलणाऱ्याला हे सांगा.

---

लोट्याचा_केमिस्ट

लोट्याला रेझिनच्या कामात आहे, गरवतो दाभोळला. धाग्यातल्या त्या वर्णनाने करमणूक झाली. एकेक घेऊ.

‘टन’ म्हणजे कार्बनच्या तंतूचा ताठरपणा, मॉड्युलस. २४ टन म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २४ टन, साधारण २३५ गिगापास्कल. रॉडवाले २४, ३०, ४० अशा पायऱ्या सांगतात. ‘टी-७००’ मधले ७०० हे टन नव्हेत, त्या नावाचा संबंध ताणून तुटेपर्यंतच्या ताकदीशी आहे. टोरे ही कार्बनचे तंतू बनवणारी जपानी कंपनी, तिच्याच तक्त्यात टी-३०० आणि टी-७०० या दोन्हींचं मॉड्युलस २३० गिगापास्कल, म्हणजे दोन्ही २४ टनाच्या पंगतीतले. टी-८०० चं २९४, म्हणजे ३० टन. ४० टनाच्या जवळ जायचं तर एम-४०जे नावाची वेगळी जात, ३७७. म्हणजे ‘टी-७०० ४० टन’ हे ‘देवगड हापूस, जात पायरी’ असं झालं. एका कांडीत दोन प्रकारचे तंतू वापरता येतात आणि महागड्या रॉडमध्ये वापरतातही, पण तसे रॉड या किमतीत विकत नाहीत.

टोरे तंतू आणि राळ लावलेलं कापड बनवते, रॉड बनवत नाही. ते कापड कापून, पोलादी सळईवर गुंडाळून, भट्टीत भाजून कांडी बनवणारा वेगळाच. आणि सगळा गुण त्या गुंडाळण्यात आणि भाजण्यात आहे. तंतू उत्तम आणि कारागीर गबाळा असेल तर कांडी पहिल्याच मोठ्या माशाला फुटते.

‘९९ टक्के कार्बन’: राळेशिवाय कांडी होतच नाही. त्यामुळे हा वाटा अख्ख्या कांडीतला असूच शकत नाही. तो तंतूंमधला वाटा, उरलेले तंतू काचेचे. जपानी रॉडवर असे आकडे छापलेले असतात, ते खरेही असतात, पण त्यावरून रॉड चांगला की वाईट ते ठरत नाही.

आणि ज्यांना ४० टनाची हौस आहे त्यांनी एवढं वाचा. टी-७०० चा तंतू तुटण्याआधी २.१ टक्के ताण घेतो. एम-४०जे चा १.२ टक्के. जास्त टन म्हणजे हलका, झटपट सरळ होणारा, हाताला बारीकशी टोचही कळवणारा रॉड. आणि खडकावर आपटला की चिरणाराही तोच. मिऱ्याच्या धोंड्यांवर उड्या मारत गरवणार असाल तर २४ टन किंवा काच मिसळलेला रॉड घ्या. वजन थोडं वाढेल, आयुष्यही वाढेल.

---

आचऱ्याचो_बाबलो

तुमी सगळे लेबलां वाचतास. मासो काय लेबल बघून गळाक लागता? आमच्या खाडीत काळुंदरां चिव्याच्या काठयेर येतत. आमच्या आज्यान सगळा आयुष्य तेच्यार काढल्यान. चिव्याक गाइड नाय, सीट नाय, टन नाय. वायंच धूर देवन सरळ केली की झाली.

---

सरळ_कांडी

बाबलो, चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठीला तोड नाही, मान्य. पण त्या काठीने ३० ग्रॅमचा ल्यूर पन्नास मीटर फेकून दाखव.

---

आचऱ्याचो_बाबलो

फेकूक कित्या होयो? मासो पायाकडेच आसता. तुमी तेच्या डोक्यावरसून फेकतास.

(तांबोसो लागलो तर मात्र काठी हातात रवाची नाय, ता खरा.)

---

मिऱ्या_बंधारा

आता विकत घेण्याआधी फोटोत काय बघायचं ते सांगतो. माझा क्रम असा आहे.

सगळ्यात आधी रील सीटच्या वर कांडीवर छापलेली ओळ. तिचा जवळून काढलेला फोटो नसेल तर पुढे जायचंच नाही. त्या ओळीत लांबी, ल्यूरचं वजन ग्रॅममध्ये आणि दोरीची जाडी, पीई (विणलेल्या दोरीच्या जाडीचा जपानी आकडा) किंवा पौंडात, हे तिन्ही हवं. उदाहरणार्थ ९ फूट, ल्यूर १०–३५ ग्रॅम, पीई १–२. ही ओळ छापणाऱ्याने आपला रॉड कशासाठी आहे याचा विचार केलेला असतो. ‘क्षमता १५ किलो’ याला अर्थ नाही. १५ किलो काय? मासा? उभं उचलायचं वजन? दोरीची ताकद? ‘समुद्र, नदी, तलाव’ लिहिणाऱ्याने तर हातच झटकलेत.

मग गाइड. फुजी ही शिझुओकाची कंपनी. तिच्या गाइडच्या धातूच्या चौकटीवर बारीक ठसा उमटवलेला असतो, मोठा करून बघितला की दिसतो. विक्रेत्याला सांगायचं, ‘सगळ्यात खालच्या मोठ्या गाइडचा फोटो द्या.’ ‘फुजी टाइप’ म्हणजे फुजी नव्हे, एवढं तो स्वतःच कबूल करतोय. आणि एसआयसी हे आतल्या कड्याच्या मालाचं नाव, सिलिकॉन कार्बाइड. ते फुजीशिवाय इतरही बनवतात, चांगलं बनवणारेही आहेत. पण काळं चकचकीत कडं दिसलं की एसआयसी, असं धरू नका. साधं अॅल्युमिनियम ऑक्साइडही काळं करता येतं. ते असलं तरी चालतं, नीट घासलेलं असलं म्हणजे झालं. फुजीचीच ‘ओ’ रिंग त्याचीच असते आणि वर्षानुवर्षं टिकते.

आपल्याकडे कड्यापेक्षा चौकट आधी दगा देते. खारं वारं. स्टेनलेस नसलेली, नुसती क्रोम चढवलेली चौकट गंजायला लागते ती पायाकडून, जिथे गाइड बांधायच्या दोऱ्याखाली आणि त्यावरच्या इपॉक्सीच्या लेपाखाली ती झाकलेली असते. वरून चकाकी तशीच आणि इपॉक्सीच्या आत तांबूस रेघ. वापरणाऱ्यांनी टाकलेल्या फोटोंत ही रेघ शोधा. दुकानाच्या फोटोत ती कधीच दिसणार नाही.

तिसरं, जोड. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर जोड उघडा करून काढलेला फोटो मागा. स्पिगट म्हणजे आत घुसणाऱ्या दांड्याचा जोड असेल तर दोन तुकड्यांमध्ये बोटाच्या पेराहून कमी फट राहते. ती मुद्दाम ठेवलेली असते, जोड झिजला की भरून यायला. ती बघून माल परत पाठवू नका. पण जोड लावल्यावर टकटक वाजत असेल तर तो वापरायचा नाही, तिथेच मोडेल.

घरी आल्यावर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा. मग रॉड जोडून, बंदुकीचा नेम धरावा तसा डोळ्याशी धरून टोकाकडे बघा. गाइड एका रेषेत आहेत का? कांडी मुळातच वाकडी आहे का? किंचित झोल चालतो, एस आकार चालत नाही. कानात घालायच्या कापसाच्या काडीने प्रत्येक कडं आतून पुसा. कापूस अडकला, तंतू ओढले गेले, की तिथे टवका किंवा चीर आहे. विणलेली (ब्रेडेड) दोरी तिथेच कापली जाणार, आणि तुम्ही दोरीला शिव्या घालणार. रील सीट एका हाताने घट्ट धरून कांडी दुसऱ्या हाताने पिळा. किरकिर आली तर आत गोंद कमी आहे. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. या जातीचा ९ फुटी कार्बन रॉड दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो. काटा तीनशेच्या पुढे गेला तर कांडीत काच बरीच आहे. ती असण्याला हरकत नाही, ९९ टक्के लिहिलंय त्याला हरकत आहे.

शेवटी भार. रीलमधून दोरी सगळ्या गाइडमधून घ्या, टोकाला पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली बांधा, रॉड जमिनीशी पंचेचाळीस अंशात धरून सावकाश उचला. मग एक लिटरची. वाक टोकापासून मुठीकडे हळूहळू उतरत यायला हवा. एका जागी कोपरासारखा मोडल्यासारखा वाकला तर गुंडाळण्यात गडबड आहे, लगेच परत करा. टोक हाताने धरून वाकवून बघायचं नाही. दुकानात अर्धे रॉड असेच मोडतात. आणि रॉड डोक्याच्या मागे नेऊन वाकवायचा नाही, मग सगळा भार टोकावर जातो. जगातला कुठलाही रॉड त्याने मोडेल, जपानी असो की वेहाईचा.

---

वायरमन_चिपळूण

कार्बन आहे की नाही याची एक सोपी चाचणी. मल्टिमीटर कंटिन्युइटी किंवा ओहमवर लावा. कार्बनमधून वीज जाते, काचेतून नाही. वार्निशवर टेकवून काही कळणार नाही, जोडाच्या आतल्या कापलेल्या कडेवर दोन्ही टोकं टेकवा. आकडा आला तर कार्बन आहे. किती टक्के, ते यातून कळत नाही. बाहेरून काळा रंग आणि कार्बनच्या विणीचा छापील कागद लावलेले काचेचे रॉड मात्र लगेच उघडे पडतात.

याच कारणाने एक इशारा. खाडीवरून महावितरणच्या तारा जातात तिथे कार्बन रॉड उभा धरून चालू नका, फेकूही नका. तारेला चिकटायलाच हवं असं नाही, जवळ गेला तरी झटका बसू शकतो. आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की रॉड आडवा ठेवून निघायचं. मासा लागलेला असला तरी.

---

कडवा_राजापूरकर

हे कामाचं सांगितलंत. माझ्याकडचा एक तपासला. काटाच हलला नाही. कोणाचा ते लिहीत नाही, पण ‘हाय कार्बन’ मोठ्या अक्षरात आहे.

---

सरळ_कांडी

कुठे बनला होता?

---

कडवा_राजापूरकर

ते लिहिलेलंच नाही.

---

कुवेत_ते_कर्ला

आम्हा आखातवाल्यांकडे घरचे ‘तिकडून ओरिजिनल आण’ म्हणून यादी पाठवतात. तिकडच्या दुकानातही सगळं मिळतं. खरंही आणि ‘टाइप’वालंही, एकाच भिंतीवर. फरक एवढाच की हातात घेऊन बघता येतं आणि दुकानदार बॉक्स उघडू देतो. मी आणलेल्या एका नामांकित रॉडवर ‘चीनमध्ये बनवलेला’ असं सरळ लिहिलंय. चुलतभाऊ नाराज झाला, म्हणाला कुवेतहून चायना आणलास. तोच रॉड आता तो कोणाला हात लावू देत नाही.

विमानाने आणणार असाल तर तीन-चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड घ्या. एका तुकड्याचा तर कुरियरनेही मागवू नका. बाकीचे मागवताना पीव्हीसीच्या पाइपात घालून पाठवा असं विक्रेत्याला आधीच सांगा. नुसत्या बबल रॅपमध्ये आलेल्या रॉडचं टोक शाबूत निघालं तर नारळ फोडायचा.

---

दिवेआगर_डायरी

प्रतिक्रियांबद्दल थोडं. पाच तारे आणि ‘छान प्रॉडक्ट, डिलिव्हरी वेळेत’ हे सोडून द्या, तो कुरियरवाल्याचा सत्कार आहे. दोन-तीन तारेवाले वाचा, आणि ज्यांनी काही महिने वापरून पुन्हा लिहिलंय ते. दुसरं, काही पानांवर वरचा माल बदलतात आणि खालच्या प्रतिक्रिया जुन्याच राहतात. रॉडच्या खाली ‘चार्जिंग लवकर होतं’ असं वाचलंय मी.

तोच फोटो इमेज सर्चला टाकून बघा. एकच रॉड पाच नावांनी आणि पाच किमतींना निघाला तर तो घाऊक साचा आहे. वाईटच असेल असं नाही, पण मग त्यातला स्वस्तच घ्यावा, नावाचे जास्तीचे पैसे कशाला?

---

भाट्येकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. तुमच्या सांगण्याप्रमाणे विक्रेत्याला विचारलं. तीन फोटो मागितले: पाकिटावरचा स्टिकर, कांडीवरची ओळ, खालचा मोठा गाइड. उत्तर आलं, ‘सर, ओरिजिनल आहे, निश्चिंत राहा.’ पुन्हा विचारलं. एकच फोटो आला, तोच जाहिरातीतला. तो विषय सोडला.

मग दुसऱ्या एका विक्रेत्याकडे तेच तीन प्रश्न टाकले. त्याने संध्याकाळपर्यंत फोटो पाठवले. स्टिकरवर मूळ देश चीन, आयातदाराचं नाव आणि पत्ता, एमआरपी, सगळं. ओळीत ९ फूट, एम (म्हणजे मध्यम ताकदीचा), ल्यूर १०–३०, पीई ०.८–१.५. गाइडच्या चौकटीवर कुठलाच ठसा नाही, आणि वर्णनातही फुजीचं नाव नाही. कार्बनबद्दल फक्त ‘२४ टन’. किंमत २,६५०. टोकाचा तुकडा वेगळा मिळेल का विचारलं तर ‘हो, ९०० रुपये, आयातदाराकडून आठवड्यात मागवून देतो’ म्हणाला.

हा घ्यावा असं वाटतंय. ३० ग्रॅम वरची मर्यादा आहे, तेवढं खटकतंय.

---

मिऱ्या_बंधारा

घ्या. टोकाचा तुकडा वेगळा मिळतोय हीच मोठी गोष्ट, तुटतं ते टोकच. ३० ची मर्यादा असेल तर रोज २०–२५ फेका. कमाल आकडा हा रोजच्या वापरासाठी नसतो. तळाला शिसं लावून टाकणार असाल तर शिसं आणि आमिष मिळून वजन धरा, नुसतं शिसं नाही. एवढ्या हलक्या रॉडवर मिऱ्याच्या खडकातल्या मोठ्या गोबरा माशाला ओढून काढायची स्वप्नं बघू नका, तो दगडात शिरला की दोरी तोडावी लागेल. मांडवी आणि भाट्याला हा रॉड बरोबर.

---

लोट्याचा_केमिस्ट

‘२४ टन’ एवढंच लिहिणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

---

कडवा_राजापूरकर

चायनाच आहे, पण लिहिलंय तरी. माझा विरोध मागे नाही, जरा बाजूला ठेवला म्हणा.

---

जयगड_लाइट

धाग्याला जोडूनच विचारतो. माझ्या रॉडचं टोकाचं गाइड, टिप-टॉप, निघून समुद्रात पडलं. कांडी शाबूत आहे. सुपर ग्लूने दुसरं बसवू का? आणि कुठल्या मापाचं मागवू?

---

मिऱ्या_बंधारा

सुपर ग्लू नको. पुढच्या वेळी काढायची वेळ आली तर कांडीसकट निघेल. शाळेच्या प्रोजेक्टसाठी मिळते ती हॉट ग्लूची कांडी चालते. गोंदाचा बारीक तुकडा टिप-टॉपच्या नळीत घाला, नळी लायटरवर पक्कडीत धरून गोंद वितळेपर्यंत तापवा आणि लगेच कांडीवर सरकवून बाकीच्या गाइडच्या रेषेत फिरवून सोडा. ज्योत कांडीला लागू द्यायची नाही, राळ जळते.

मापासाठी कांडीच्या अगदी टोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. व्हर्नियर नसेल तर सोनाराकडे किंवा लेथवाल्याकडे मिनिटाचं काम आहे. टिप-टॉप विकणारे दोन आकडे लिहितात, एक नळीचा आणि एक कड्याचा. तुला नळीचा जुळवायचा आहे. त्या मापाच्या आसपासची दोन-तीन मापं एकत्र मागव, स्वस्त असतात, आणि एक पिशवीत असू दे.

---

जयगड_लाइट

१.८ आलं. नळी १.८ चीच घेऊ की २ ची?

---

मिऱ्या_बंधारा

२ ची. गोंदाला जागा हवी.